द क्लॅश: पहिल्या अल्बमनंतर पंक संपलं, की तिथून पुढे वाढलं?

कोरी_कॅसेट (धागाकर्ता)

द क्लॅशबद्दल एक मत इतक्यांदा कानावर पडतं की ते आता कुणी तपासूनही बघत नाही. १९७७चा पहिला अल्बम तेवढा अस्सल पंक (म्हणजे कच्चं, वेगवान, रागीट रॉक), पुढची सगळी तडजोड. मला हे अजिबात पटत नाही. सोलापुरात या बँडवर बोलायला माणसं सहजी सापडत नाहीत, पण इथे काही जण नक्की आहेत, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बँड १९७६ साली लंडनमध्ये जमला. जो स्ट्रमर गायला आणि गिटारला, मिक जोन्स गिटारला आणि अधूनमधून गायला, पॉल सिमोनन बेसला. ड्रम्सवर आधी टेरी चाइम्स, मग टॉपर हेडन. एप्रिल १९७७ ते नोव्हेंबर १९८५ एवढ्यात सहा अल्बम आले: 'द क्लॅश', 'गिव्ह एम इनफ रोप', 'लंडन कॉलिंग', 'सँडिनिस्टा!', 'कॉम्बॅट रॉक' आणि 'कट द क्रॅप'. पहिल्यात १४ गाणी ३५ मिनिटांत उरकतात. चौथा तीन तबकड्यांचा, ३६ गाण्यांचा, आणि त्यात रेगे (जमैकाचं संगीत), डब (रेगेचाच गाणं कमी, घुमणारा आवाज जास्त असा अवतार), कॅलिप्सो, गॉस्पेल, वॉल्ट्झ, रॅप सगळं आहे. दोन्ही पाठोपाठ लावले तर बँड एकच आहे हे सांगूनही खरं वाटणार नाही.

माझं म्हणणं असं की बदलाचं बी पहिल्याच अल्बममध्ये पडलेलं होतं. 'पोलीस अँड थीव्ह्ज' हे ज्युनियर मर्विनचं जमैकन गाणं त्यांनी तिथे घेतलंय. आजूबाजूला दोन-दोन मिनिटांची गाणी आणि मध्येच हे सहा मिनिटांचं. एक गिटार ठोक्यावर वाजते, दुसरी दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. त्यांनी जमैकन असल्याचं सोंग आणलं नाही. आपल्याला जसं येतं तसं वाजवलं, आणि रेगेत लंडनच्या रस्त्याची घाई शिरली. हे ज्याला १९७७ मध्ये सुचलं तो पुढे तसाच थांबून राहील ही अपेक्षाच चूक.

तुमच्या मते वळण कुठे आलं? आणि ते वळण होतं की घसरण?

सातरस्ता

घसरण. दुसऱ्या अल्बमपासून. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता दुकानात गिऱ्हाईक उभं आहे.

गड्ड्यातला_पाळणा

गिऱ्हाईक ताटकळत ठेवून एवढं लिहिलं म्हणजे सातरस्ता यांचा मुद्दा काळजातला आहे. मी रुमाल टाकून ठेवतो.

जुळे_सोलापूर

मला यांचं फक्त 'शुड आय स्टे ऑर शुड आय गो' माहीत आहे. तो पंक होता का? मला तर सरळसाधं रॉक वाटलं. सुरुवात कुठून करू तेही सांगा कुणीतरी.

लेझीमवाला

मी ठोक्याच्या बाजूने बोलतो, कारण मला तेवढंच नीट कळतं. मंडळात हलगी वाजवत मोठा झालो, आता पोरांना ड्रम्स शिकवतो.

पहिल्या अल्बमवर टेरी चाइम्स आहे. कव्हरवर त्याचं नाव 'टोरी क्राइम्स' (टोरी म्हणजे तिथला हुजूर पक्ष) असं छापलंय, तो बँड सोडून निघाला होता म्हणून मारलेला तो टोमणा. वाजवतो मात्र चोख. सरळ, घट्ट, कुठेही फापटपसारा नाही. त्या गाण्यांना तेच हवं होतं. पण अशा ड्रमरबरोबर बँडला एकाच चालीने पळता येतं. आमच्या मिरवणुकीत लेझीमचा डाव बदलायचा तर आधी हलगी बदलते, मग पोरांचे पाय बदलतात. पाय आधी बदलले तर सगळी रांग विस्कटते.

टॉपर हेडन आला आणि इथेही आधी हलगीच बदलली. 'टॉमी गन' लावा. स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) अक्षरशः मशिनगन झाडलीय त्याने. हे दाखवायला वाजवलेलं नाही, गाणंच त्या आवाजावर उभं आहे. पुढे तोच माणूस 'लंडन कॉलिंग'वर स्विंग वाजवतो, स्का वाजवतो, 'ट्रेन इन व्हेन'मध्ये सोलचा ठोका धरतो. 'सँडिनिस्टा!'वर फंक. मग 'रॉक द कॅस्बा'. ते गाणं मुळात त्याचं. स्टुडिओत ड्रम्स वाजवले, मग स्वतःच बेस, मग पियानो. बाकीच्यांनी त्यावर गिटारी आणि शब्द चढवले. अमेरिकेत त्यांचं सगळ्यात वर गेलेलं गाणं हेच, ८व्या क्रमांकापर्यंत.

तर कोरी_कॅसेट, माझं उत्तर असं. वळण १९७७ मध्येच आलं, टॉपर ड्रम्सवर बसला त्या दिवशी. आणि घसरण मे १९८२ मध्ये, हेरॉइनच्या पायी त्याला काढलं तेव्हा. गाणी लिहिणारे दोघं, स्ट्रमर आणि जोन्स, तिथेच होते, पण त्यांना हवं ते वाजवून देणारा हात गेला.

बेस_आणि_भाकरी

लेझीमदादांना +१, पण एका माणसावर सगळं टाकू नका. पॉल सिमोननकडे बघा. बँडमध्ये आला तेव्हा त्याला बेस येतच नव्हता. सूर सापडावेत म्हणून बेसच्या मानेवर स्वरांची नावं रंगवून ठेवली होती. मिक जोन्सने त्याला शिकवलं. पहिल्या अल्बमवर तो शिकवलेलं वाजवतोय हे कळतं. दोन वर्षांत तोच माणूस 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन' लिहून, गाऊन, वाजवून मोकळा होतो, आणि ती बेसची ओळ आजही नवी बेस शिकणारी पोरं पहिल्या महिन्यात वाजवतात. मी पण ती वाजवूनच शिकलो. काकांच्या गच्चीवर, रात्री जेवण झाल्यावर, शेजारचे ओरडेपर्यंत.

बँड बदलला म्हणतो तेव्हा हेही बघायला हवं. ज्याला वाजवता येत नव्हतं त्याला वाजवता यायला लागलं. मग त्याने मुद्दाम तसंच कच्चं वाजवत राहायचं का? ते तर खोटं झालं असतं.

सातरस्ता

आलो.

तुम्ही सगळे संगीताबद्दल बोलताय, माझा मुद्दा संगीताचा नाहीच. पहिला अल्बम त्यांनी फेब्रुवारी १९७७ मध्ये शनिवार-रविवार साधून थोडक्या पैशांत उरकला. त्यात एक गाणं आहे, 'करिअर ऑपर्च्युनिटीज'. बेकार पोराला ज्या नोकऱ्या दाखवतात त्यांची यादी, आणि त्या नाकारण्याचा संताप. दोन मिनिटांच्या आत संपतं. आमच्या घरात गिरणी बंद पडल्यानंतरचे दिवस मी बघितलेत. वडील सकाळी डबा घेऊन निघायचे आणि दुपारी चहाच्या गाड्यावर दिसायचे. मोठ्या भावाने ठिकठिकाणी अर्ज केले, बोलावणी आली ती त्याला लाज वाटेल अशा पगाराची. मी ते गाणं पुष्कळ उशिरा ऐकलं, पण ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं की आमच्या घरातला राग कुणीतरी बोललं. त्या गाण्याला सुंदर होण्याची गरज नव्हती.

मग दुसऱ्या अल्बमसाठी रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहाने अमेरिकेतून सँडी पर्लमन हा निर्माता आणला, ब्लू ऑयस्टर कल्ट या रॉक बँडचा. गिटारींचे थरावर थर. स्ट्रमरचा आवाज मागे ढकललेला. माणूस ओरडतोय आणि त्याच्यापुढे भिंत बांधलीय. इंग्लंडमध्ये अल्बम २ नंबरवर गेला, जाऊ दे. माझ्या दृष्टीने तिथे काहीतरी सुटलं.

रेगे करा, जॅझ करा, माझी ना नाही. पण राग सुटला तर मला त्यात काय उरलं?

कोरी_कॅसेट

सातरस्ता, तुमच्या घरचं वाचून थांबलो. गाणं कुणापर्यंत कसं पोचतं याबद्दल वाद घालायचाच नाही.

दुसऱ्या अल्बमच्या आवाजाबद्दल तुमच्याशी बराचसा सहमत आहे. पण राग सुटला हे नाही पटत. तो दुसऱ्या गोष्टींकडे वळला. त्याच अल्बमवरचं 'सेफ युरोपियन होम' घ्या. स्ट्रमर आणि जोन्स गाणी लिहायला जमैकाला गेले. ज्या संगीतावर जीव होता त्याच्या गावी गेले, आणि तिथे आपण परके, गोरे, पैसेवाले पाहुणे आहोत हे त्यांना लख्ख दिसलं. ते त्यांनी गाण्यात तसंच मांडलं. स्वतःकडे एवढ्या सरळ बघणं मला पहिल्या अल्बममध्येही सापडत नाही.

हातमागकन्या

इतक्या चर्चेत एक गोष्ट कुणीच बोललं नाही, ती म्हणजे शेजार.

माझं माहेर पूर्व भागातलं. आमच्या बोळात घरात तेलुगू, मागच्या दारी कन्नड, किराणा दुकानात दखनी, शाळेत मराठी. एका घरातून यल्लम्माची गाणी, दुसऱ्यातून बसवण्णांची वचनं, कोपऱ्यावरून कव्वाली, आणि सगळ्याच्या खाली यंत्रमागाची खडखड. माझी आजी चारही भाषांत भांडायची. आम्हाला कुणी 'तुमची भाषा शुद्ध नाही' म्हटलं तर समजायचंच नाही, की शुद्ध म्हणजे नेमकी कुणाची.

सिमोनन ब्रिक्स्टन आणि नॉटिंग हिल भागात वाढला, कॅरिबियन कुटुंबांच्या शेजारात. रेगे ही त्याने परदेशातून मागवलेली चीज नव्हती, शेजारच्या घरातून येणारा तो आवाज होता. लंडनमध्ये रॉक्सी नावाच्या क्लबात पंक बँड वाजवायचे, तिथे मधल्या वेळेत तबकड्या लावायचं काम डॉन लेट्सकडे होतं. पंकच्या तबकड्या तेव्हा निघालेल्याच नव्हत्या म्हटलं तरी चालेल, म्हणून तो रेगे लावायचा. म्हणजे जी पोरं पंक ऐकायला येत होती त्यांच्या कानात रेगे आपोआप जात होतं. १९७७ मध्येच 'कंप्लीट कंट्रोल' हे गाणं त्यांनी ली पेरीकडून करून घेतलं, जमैकाच्या त्याच निर्मात्याकडून ज्याने मूळ 'पोलीस अँड थीव्ह्ज' केलं होतं. आणि ते गाणं कशावर? त्यांना न विचारता गाणं बाजारात आणणाऱ्या त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीवर. सातरस्ता, तुमचा राग आणि कोरी_कॅसेटचं रेगे इथे एकाच तबकडीवर आहेत.

मग 'बदल' कशाला म्हणायचं? मला तर वाटतं, त्यांच्या शेजारात जे पहिल्यापासून वाजत होतं, ते हळूहळू त्यांच्या वाद्यांत उतरलं. आधी हात तयार नव्हते, मग झाले.

गड्ड्यातला_पाळणा

चक्कीत जाळ, ताई! आजीबद्दल वेगळा धागा काढा.

अक्कलकोट_रोड

हातमागकन्या यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर नेऊन ठेवा.

अवांतर: राम जोशी आपल्याच सोलापूरचे. संस्कृत शिकलेला ब्राह्मणाचा मुलगा लावण्या रचायला लागला, फडात उभा राहिला, घरचे तुटले. पुढे मोरोपंतांच्या संगतीत कीर्तनाकडे वळले. त्यांनाही लोकांनी दोन्हीकडून धरलं असणार. तमाशावाले म्हणाले असतील पळाला, कीर्तनवाले म्हणाले असतील हा कसला हरिदास. पण त्यांची रचना वाचताना मला तरी तोच माणूस दिसतो. शब्दांची तीच उधळण, तीच लय.

नवीपेठेतला

पोरांनो, मी तुमच्यापेक्षा थोरला, म्हणून एक काळ सांगतो.

ऐंशीच्या दशकात सोलापुरात इंग्रजी गाणी म्हणजे बोनी एम आणि अब्बा. लग्नाच्या बँडवालेसुद्धा बोनी एम वाजवायचे. त्यापलीकडचं काही हवं असेल तर मुंबईला कुणीतरी ओळखीचं लागायचं. माझा मित्र गिरगावात खोलीवर राहायचा, तो तबकडीवरून कॅसेट भरून द्यायचा, आणि कुणी सिद्धेश्वर एक्सप्रेसने येणारा असला की त्याच्या पिशवीत ती यायची. कव्हर नाही, गाण्यांची नावं बॉलपेनने, अर्धी चुकीची. 'लंडन कॉलिंग' मला असा मिळाला. मूळ दोन तबकड्यांचा अल्बम एका नव्वदच्या कॅसेटीत मावला होता, एका बाजूला एक तबकडी.

बँड पंक आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! त्यामुळे फसवणूक झाल्यासारखं वाटायचं कारणच नव्हतं. पहिलं गाणं जगबुडीसारखं, दुसरं जुनं रॉक अँड रोल, तिसरं आळसावलेलं जॅझ, पाचवं शिट्ट्या-तुताऱ्यांसकट नाच. मला वाटलं असा बँड म्हणजे गावातल्या सगळ्या गाणाऱ्यांना एकत्र बसवलंय. आजही तो अल्बम मी तसाच ऐकतो.

कोरी_कॅसेट

काका, हे फार छान लिहिलंत. तुमचं दुसरं गाणं म्हणजे 'ब्रँड न्यू कॅडिलॅक', व्हिन्स टेलरचं जुनं गाणं. ते पहिल्याच फटक्यात रेकॉर्ड झालं. टॉपर म्हणाला पुन्हा घेऊ, मध्ये वेग वाढलाय. निर्माता गाय स्टीव्हन्स म्हणाला, रॉक अँड रोलचा वेग वाढतोच, आणि तेच ठेवलं.

हा गाय स्टीव्हन्स सातरस्ता यांना आवडेल. बँड वाजवत असताना स्टुडिओत खुर्च्या फेकायचा, शिडी घेऊन फिरवायचा. पर्लमनने जे नीटनेटकं करून टाकलं होतं ते याने पुन्हा मोकळं केलं. त्याआधी बँडने पिम्लिकोतल्या एका गॅरेजच्या मागच्या खोलीत ठाण मांडलं होतं. व्यवस्थापक बर्नार्ड रोड्सला सोडलेलं, हातात पैसा नाही. रोज दुपारी फुटबॉल, मग तालीम. त्या तालमीत त्यांनी रेगे, रॉकॅबिली, सोल, जे आवडेल ते दुसऱ्यांचं वाजवून बघितलं. मला वाटतं खरं शिक्षण तिथे झालं.

आणि किंमत. दोन तबकड्या, १९ गाणी, एका तबकडीच्या भावात. डिसेंबर १९७९. शेवटचं 'ट्रेन इन व्हेन' इतकं उशिरा आलं की कव्हरवर त्याचं नावच नाही. संगीत कितीही बदललं तरी ऐकणाऱ्याच्या खिशाचा विचार सुटला नाही, आणि माझ्यासाठी पंकमध्ये ही गोष्ट गिटारच्या आवाजाइतकी मोठी आहे.

पुण्यात_सोलापूरकर

किंमतीचं कौतुक मलाही आहे, पण 'सँडिनिस्टा!'वर कुणीतरी खरं बोला. ३६ गाण्यांपैकी निम्मी काढली असती तर तो त्यांचा सर्वोत्तम अल्बम झाला असता. सहावी बाजू कोण ऐकतं? स्वतःच्याच गाण्यांचे डब, एक गाणं उलटं फिरवून दुसऱ्या नावाने, आणि 'करिअर ऑपर्च्युनिटीज' लहान मुलांच्या आवाजात!

सातरस्ता

त्या मुलांच्या आवाजाबद्दल तर मी बोलणारच नाही. माझं सर्वात जवळचं गाणं ते.

हातमागकन्या

पण सातरस्तादादा, उलटं नाही का वाटत तुम्हाला? कीबोर्ड वाजवणाऱ्या मिकी गॅलागरची मुलं आहेत ती. नोकऱ्या मिळणार नाहीत हे गाणं आता पुढची पिढी गातेय, आणि तिला शब्दांचा अर्थही कळत नाही. मला ते ऐकताना घशात आवंढा येतो.

सातरस्ता

ताई, हे असं मी कधी ऐकलं नव्हतं. तरी मला मूळचंच हवं.

लेझीमवाला

पुण्यात_सोलापूरकर, निम्मी म्हणजे कुठली निम्मी ते लिहा. तुमची यादी आणि माझी यादी जुळणार नाही, पैज. प्रत्येकाची निम्मी वेगळी, म्हणून तर सगळी ठेवावी लागली.

आणि त्यात 'द मॅग्निफिसंट सेव्हन' आहे हे विसरू नका. १९८० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये केलं. तिथे तेव्हा रॅप नुकतं तबकड्यांवर यायला लागलं होतं, आणि इंग्लंडच्या या चौघांनी ते ऐकताच उचललं. सिमोनन चित्रपटाच्या कामाला गेला होता म्हणून बेस नॉर्मन वॉट-रॉयचा आहे. तो बेस असा गोल फिरत राहतो की त्याच्यावर टॉपरला बाकी काही करायचीच गरज पडत नाही. पुढे त्याचा नाचाचा अवतार न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएस या काळ्या श्रोत्यांच्या रेडिओवर वाजायला लागला.

अक्कलकोट_रोड

त्याच्याच पुढची गोष्ट सांगतो, कारण मला वाटतं धाग्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. १९८१ मध्ये न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमधल्या बॉन्ड्स या जागेत त्यांचे ८ कार्यक्रम ठरले. तिकिटं जागेपेक्षा जास्त विकली गेली, अग्निशमनवाल्यांनी आक्षेप घेतला. तर ज्यांनी तिकीट काढलंय त्या प्रत्येकाला ऐकायला मिळावं म्हणून बँडने १७ कार्यक्रम केले. आणि आधी वाजवायला बोलावलं कुणाला? रॅपवाल्या ग्रँडमास्टर फ्लॅशला. त्यांच्याच चाहत्यांनी त्याला हुर्यो केली, पेले फेकून मारले.

बँड पुढे गेला होता, चाहते १९७७ मध्येच उभे होते. 'वाट सोडली' म्हणणारे लोक मला त्या गर्दीत दिसतात. (सातरस्ता, तुम्ही नाही. तुमचं कारण वेगळं आहे.)

बेस_आणि_भाकरी

'सँडिनिस्टा!'साठी त्यांनी पदरचं घातलं तेही लिहा कुणीतरी. तीन तबकड्या ५.९९ पौंडांना विकायच्या म्हणून इंग्लंडमधल्या पहिल्या २,००,००० प्रतींवरचं मानधन सोडलं. निकाराग्वातल्या क्रांतिकारकांचं नाव अल्बमला, तबकडीचा क्रमांकही त्यांच्याच संघटनेच्या आद्याक्षरांवरून. आणि 'वॉशिंग्टन बुलेट्स'मध्ये फक्त अमेरिकेला धरलेलं नाही. अफगाणिस्तानातला रशिया आणि तिबेटमधला चीन, दोघांनाही सोडलेलं नाही. राग सुटला म्हणणाऱ्यांनी ते ऐकावं. त्याला ठोका कॅरिबियन आहे म्हणून राग कमी होत नाही.

जुळे_सोलापूर

माझा प्रश्न राहिला! कुठून सुरू करू? आणि 'शुड आय स्टे' कुठल्या अल्बममध्ये?

कोरी_कॅसेट

'कॉम्बॅट रॉक', मे १९८२. पण इंग्लंडमध्ये ते १ नंबरवर गेलं १९९१ मध्ये, जीन्सच्या जाहिरातीत वाजल्यामुळे, तेव्हा बँड मोडून पाच वर्षं झाली होती.

या अल्बमचाही मोठा वाद आहे. मिक जोन्सने आधी तो लांबलचक, नाचाच्या अंगाचा बनवला होता, सुमारे ७७ मिनिटांचा. बाकीच्यांना पटेना. ग्लिन जॉन्स या अनुभवी माणसाला आणून तो ४६ मिनिटांवर छाटला. पुण्यात_सोलापूरकर यांना 'सँडिनिस्टा!'वर जे करायचं होतं ते इथे झालं. विकला भरपूर गेला. पण त्या छाटण्याने जोन्स आणि स्ट्रमरमध्ये जी तेढ आली ती वाढतच गेली, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये जोन्सलाही काढलं.

सुरुवात 'लंडन कॉलिंग'पासून कर. नवीपेठेतल्या काकांसारखी, काही न वाचता.

पुण्यात_सोलापूरकर

'कॉम्बॅट रॉक'मधलं 'स्ट्रेट टू हेल' आपल्याकडे लाखो लोकांनी ऐकलंय, त्यांना माहीत नाही. एम.आय.ए. या गायिकेच्या 'पेपर प्लेन्स'ला मागे जी गिटार वाजत राहते ती त्यातलीच. मुंबईच्या झोपडपट्टीवरच्या ऑस्कर मिळालेल्या चित्रपटात ते होतं. मूळ गाण्यात व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांनी मागे सोडलेली मुलं आहेत, इंग्लंडमध्ये नको झालेले स्थलांतरित आहेत. ते श्रीलंकन तमिळ घरातल्या मुलीने उचललं आणि पुन्हा स्थलांतरितांवरच गाणं केलं. याबाबतीत मी हातमागकन्या यांच्या बाजूने.

हो, आणि सहावी बाजू मला अजूनही नको.

लेझीमवाला

'स्ट्रेट टू हेल'चा ठोकाही टॉपरचाच. रॉकचा ठोका त्या गिटारवर बसेना, तेव्हा त्याने बोसानोव्हा या ब्राझिली तालाच्या अंगाने वाजवलं. इतकं थांबून, इतकं कमी वाजवायला फार जिगर लागते. मी शिकवतो त्या प्रत्येक पोराला हे ऐकवतो.

सातरस्ता

बरं. आता 'कट द क्रॅप'वर बोलू, कारण तुम्ही सगळे त्याला टाळताय. तिथे स्ट्रमरने म्हटलं, परत मुळाकडे जाऊ. तीन कॉर्ड, रस्ता, घोषणा. मे १९८५ मध्ये तर इंग्लंडच्या गावोगावी रस्त्यावर उभं राहून वाजवलं, हातात साध्या गिटारी. हेच तर मला हवं होतं. मग तो अल्बम इतका वाईट का? मला याचं उत्तर खरंच हवंय.

कोरी_कॅसेट

कारण रस्त्यावर जे वाजलं ते अल्बममध्ये नाही. पुन्हा व्यवस्थापक झालेल्या रोड्सने अल्बमची निर्मितीही हातात घेतली, टोपणनावाने. नवा ड्रमर पीट हॉवर्ड हाताशी असताना ड्रम मशिन लावलं. वर सिंथेसायझर आणि स्टेडियममधल्या गर्दीसारखे कोरस. गंमत अशी की कागदावर तोही बदलच होता, मशिन आणि सिंथ, १९८५चा ताजा आवाज. पण तो ऐकणाऱ्या कानातून आलेला नव्हता. त्याच सुमारास बाहेर काढलेला मिक जोन्स बिग ऑडिओ डायनामाइटमध्ये तीच यंत्रं घेऊन जिवंत गाणी करत होता, आणि १९८६ मध्ये स्ट्रमर स्वतः जाऊन त्यांच्या दुसऱ्या अल्बमच्या निर्मितीत बसला.

म्हणून मला मूळ प्रश्नाचं उत्तर आता असं मांडावंसं वाटतं. बँड बदलला म्हणून मेला नाही. एकमेकांचं ऐकणं थांबलं, म्हणून मेला. पहिले पाच अल्बम एकमेकांपासून कितीही लांब असोत, प्रत्येकात चौघं एकमेकांकडे कान देऊन वाजवतायत. सहाव्यात एक माणूस गातोय आणि बाकी कुणी नाही.

त्यातही 'धिस इज इंग्लंड' बाजूला काढून ऐका, सातरस्ता. थंड, हरलेलं, थॅचरच्या इंग्लंडमधल्या बेकार पोरांवरचं. तुमच्या गाण्यातली तीच माणसं, आठ वर्षांनी.

सातरस्ता

आत्ताच ऐकलं. ड्रम मशिन सोडलं तर तुम्ही म्हणता ते खरं आहे. तरी पहिला तो पहिलाच, हे मी लिहून ठेवतो.

नवीपेठेतला

नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला संपावरच्या अग्निशमन कामगारांसाठी स्ट्रमर वाजवत होता, प्रेक्षकांत बसलेला मिक जोन्स उठून स्टेजवर गेला आणि दोघं पुन्हा एकत्र वाजवले. पुढच्याच महिन्यात स्ट्रमर गेला, ५० वर्षांचा होता. एवढ्या भांडणानंतर दोघांना एकत्र आणलं ते कामगारांच्या संपाने, हे मला फार योग्य वाटतं.

बेस_आणि_भाकरी

माझ्या गच्चीवर स्पीकर आहे. शनिवारी संध्याकाळी कोण येतंय? क्रमाने सहाही लावू. भाकरी, शेंगाचटणी, दही माझ्याकडे.

पुण्यात_सोलापूरकर

मी गाडी काढतो. 'सँडिनिस्टा!'च्या पाच बाजू.

हातमागकन्या

सहाच्या सहा. नाहीतर मी येत नाही.

जुळे_सोलापूर

काय बे, मी 'लंडन कॉलिंग' लावून बसलो तर रात्रभर तेच ऐकलालो. 'रूडी कान्ट फेल' किती वेळा वाजवू? शनिवारी येतो. तोपर्यंत बाकीचं ऐकू की नको?

लेझीमवाला

नको. तसाच ये.